काचेच्या धारेवरचं गंध

मित्रांनो, ग्वाल्हेरला कंपू नावाच्या वस्तीतल्या एका घरात, देवघराशेजारच्या फळीवर, कपाळाला कुंकू लावलेली काळी पेटी दिसली तर तो मी, असं समजा. मी राउटर आहे, आणि आता जुना झालो आहे. माझं एक शिंग कललेलं आहे. पाठीवर कागदी बेडूक चिकटवलेला आहे. आम्हा राउटरांना सहसा कोणी गंध लावत नाही. मला लावलं, आणि त्या गंधाने एका घराचा जीव कसा टांगणीला लागला, ते सांगतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. आम्हाला पहिली जाग येते ती वीज मिळाल्यावर. मला जाग आली नेदरलँड्स देशातल्या आइंडहोवन गावात, हेमेंद्र आणि शरयू यांच्या लहानशा घरात. समोर पाळणा होता आणि पाळण्यात सिमी. तिचं खरं नाव सीमंतिनी, पण ते तेव्हा तिच्यापेक्षा लांब होतं.

माझ्यातून गेलेला पहिला चेहरा तिचाच. ती इकडे जांभई द्यायची आणि तिकडे ग्वाल्हेरला, नेटवर्कसाठी फूलबागेत येऊन बसलेले तिचे आजोबा मल्हारराव, म्हणजे हेमेंद्रचे वडील आबा, म्हणायचे, "देखो, जांभई पण आपल्या घराण्याची आहे." ती जांभई समुद्राच्या तळाने, किती देशांच्या पोटातून जायची. आबांचं हसू त्याच वाटेने परत यायचं, तोवर तिचं तोंड पुरतं मिटलेलंही नसायचं. इतकी वर्षं मी हेच काम करतो आहे, पण मित्रांनो, या गोष्टीची मला अजून सवय झालेली नाही. तुम्हालाही होऊ देऊ नका.

मग आबांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. घरात दुसरं माणूस नव्हतं. शरयूने सिमीला घेऊन आधी निघायचं आणि हेमेंद्रने नोकरीचा करार संपवून मागून यायचं, असं ठरलं. बॅग भरताना हेमेंद्रने मला स्वेटरात गुंडाळलं. शरयू म्हणाली, "तिथे नवा मिळेल की." तो म्हणाला, "असू दे. सिमी याचे दिवे बघत मोठी झाली आहे. ओळखीचं काहीतरी असू दे तिला."

अशी आमची बॅग ग्वाल्हेरला उघडली. शरयूसाठी ते परत येणं होतं. सिमीसाठी आणि माझ्यासाठी तो दुसराच देश होता. माझ्या प्लगचे दोन गोल पाय इथल्या भिंतीत बसले, पण सैल. शरयूने नई सडकेच्या बाजारातून घट्ट बसणारा जोड, म्हणजे ॲडॅप्टर, आणला, मला फळीवर ठेवलं, वीज दिली. दिवा लागला, पण नुसताच लाल. कारण माझ्यापर्यंत इंटरनेटची तार कुठे होती? तार मागायला इथला फोन नंबर हवा. नवा नंबर घ्यायला आधारला जोडलेला जुना नंबर हवा. आणि तो बंद पडून जमाना झालेला. शेवटी जोडणी आबांच्या नावावर घ्यायची ठरली, आणि मग वाट पाहणं सुरू झालं.

तोवर हेमेंद्रशी बोलणं मोबाइलवर व्हायचं. त्या गल्लीत मोबाइलचं नेटवर्क पाहुण्यासारखं येतं, मनात आलं तर थांबतं. एके दिवशी बोलता बोलता बाबाचा चेहरा पडद्यावर थिजला. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला. हाक मारली तरी तसाच. सिमी रडली नाही. तिने फोन पालथा घातला आणि म्हणाली, "बाबा तुटला."

त्यानंतर फोन वाजला की ती पलंगाखाली जायची. बाबाचं नाव काढलं की खेळणं उचलून दुसऱ्या खोलीत. काही दिवसांनी तर तिने त्याच्याबद्दल विचारणंही सोडलं, आणि शरयूला भीती वाटली ती याचीच. रडणारं मूल समजावता येतं, न विचारणारं कसं समजवायचं? मी फळीवरून पाहायचो. सिमी झोपली की शरयू तिच्या चेहऱ्याकडे पाहत बसायची, जणू त्यातून काय काय पुसलं जातं आहे ते तपासते आहे.

एकदा तिने सिमीला माझ्यासमोर उचलून धरलं. "हा बघ तुझा बेडूकवाला. याचा दिवा हिरवा झाला ना, की बाबा नाही तुटणार. नक्की."

सिमीने माझ्याकडे पाहिलं. "आत्ता लाल आहे."

"होईल हिरवा."

मित्रांनो, कोणीतरी तुमच्या नावाने वचन द्यावं आणि तुमच्या हातात काहीच नसावं, ही काय अवस्था असते ते मला त्या दिवशी कळलं.

नवरात्रात एकदाचा दौलतसिंह आला. इंटरनेट कंपनीचा लाइनमन, खांद्यावर बारीक काळ्या तारेचं वेटोळं. खांबापासून आमच्या घरापर्यंत तार न्यायची तर शेजारच्या शांताताईंच्या गच्चीवरून. त्या कठड्याशी उभ्या राहिल्या.

"अहो, याच्यात करंट तर नाही ना? माझे कपडे वाळतात इथे."

"अम्मा, इसमें करंट नहीं, रोशनी जाती है."

"मग माझ्या जिन्यातला बल्ब पण लावून दे भैया, कधीचा गेला आहे," शांताताई म्हणाल्या आणि बाजूला झाल्या.

तार आत आली. दौलतसिंहने तिचं टोक सोललं. आत काचेचा एक तंतू, केसाहून जरा जाड. त्याने खांबाकडच्या टोकाला तपासणीची लाल बत्ती लावून ठेवली होती. आबा काठी टेकत जवळ आले. त्या तंतूच्या टोकावर एक लाल ठिणगी निवांत बसली होती. खांबावरून निघून, गच्चीवरून वळून, भिंतीतल्या भोकातून ती आली होती, आणि वाटेत कुठे सांडली नव्हती.

आबा त्या ठिणगीपाशी वाकले. मग म्हणाले, "उधर से इधर, इस काँच में से?"

"जी अंकलजी. भैयाजी का चेहरा भी इसी में से आएगा. बस नोक को छूना मत, और इसमें आँख लगाके कभी मत झाँकना."

त्याने टोकाला हिरवी खुंटी बसवली आणि ती कंपनीच्या पांढऱ्या पेटीत खुपसली. पांढरी पेटी प्रकाशाची भाषा समजते, आणि तिथून पुढे घरभर पोहोचवायचं काम माझं. त्याने मला हातात घेऊन उलटंसुलटं केलं. "मॅडम, ये बाहर वाला डब्बा काहे लगा रहे हो? हमारे वाले में सब है."

"लगा दीजिए भैया," शरयू म्हणाली. "बच्ची इसी को पहचानती है."

त्याने मान हलवली आणि मला जोडलं. संध्याकाळी माझा दिवा हिरवा झाला. सिमीने तो दुरून पाहिला. जवळ आली नाही.

हेमेंद्र तेव्हा प्रशिक्षणाला गेला होता, तिथे फोन बंद ठेवावा लागे. समुद्रातल्या पवनचक्क्यांवर त्याचं शेवटचं काम होतं. दसऱ्याच्या दिवशी सुट्टी, दुसऱ्या दिवशी बोट. तिथून चेहरा दिसेल असं बोलणं कित्येक आठवडे होणार नव्हतं. म्हणून जो काही फोन, तो दसऱ्यालाच.

दसऱ्याच्या आदल्या दिवशी खंडेनवमी. आबांचे पूर्वज दक्षिणेतून फौजेबरोबर इकडे आले. आता घरात लढणारं कोणी नाही, पण त्या दिवशी तलवार पाटावर येते आणि तिच्याबरोबर घराला जगवणारी सगळी हत्यारं. शरयूची कात्री आली, लॅपटॉप आला, अंगणातल्या स्कूटरला हार पडला. त्या दिवशी हत्यारांनी विसावा घ्यायचा, त्यांना कामाला लावायचं नाही. शरयू स्वयंपाकघरात होती. आबांनी आमची वीज बंद केली, पांढऱ्या पेटीतून तार अलगद सोडवली, आणि आम्हा तिघांना, मला, पांढऱ्या पेटीला आणि तारेला, तलवारीच्या शेजारी मांडलं.

माझ्या आयुष्यात माझ्यावर धूळ बसली आहे, चहा सांडला आहे. फूल त्या दिवशी पहिल्यांदा पडलं. आबांनी माझ्या कपाळाला ओलं कुंकू लावलं, हात जोडले, आणि म्हणाले, "आमची नात तू तिकडून रोज आणलीस. आता मुलाला आण."

मी यंत्र आहे, मित्रांनो. पण मला त्या वेळी फार मोठं वाटलं.

दसऱ्याला सकाळी शरयूने सगळं पुन्हा जोडलं. पांढऱ्या पेटीवर लाल दिवा लुकलुकायला लागला. माझाही हिरवा होईना. तिने बटण बंद करून चालू केलं. जोड काढून बसवला. पुन्हा तेच. सिमी दाराशी उभी राहून माझ्याकडे पाहत होती.

आबांनी दौलतसिंहला फोन लावला. "अंकलजी, आज तो दशहरा है, मैं गाँव में हूँ. परसों सुबह पक्का."

"फूलबागेकडे जाऊ," आबा म्हणाले. "तिथे मोबाइल चांगला लागतो."

"मोबाइलवर ती बघणारच नाही, आबा. हिरवा दिवा म्हणून सांगितलंय मी तिला." शरयू म्हणाली. "आज नाही बघितलं तर तो गेला समुद्रावर. मग परत आल्यावर ती त्याला ओळखेल, पण... घरातला म्हणून नाही ओळखणार."

ती माझ्यासमोर बसली. एकेक तार बोटांनी चाचपत गेली, तापलेल्या मुलाचं अंग चाचपतात तशी. मग थांबली. तिच्या बोटाच्या टोकाला लाल लागलं होतं. तिने पांढऱ्या पेटीतून तार बाहेर काढली आणि टोक स्वतःकडे न धरता उजेडात तिरपं केलं.

"आबा, याला पण गंध लावलंत?"

"लावलं की, काडीने, बोट न लावता. शस्त्राला गंध धारेवर लावतात. याची धार तीच ना? तिथूनच तर उजेड निघतो."

मग आबा खुर्चीत बसले. "म्हणजे मीच आंधळं केलं त्याला."

शरयूला राग आला होता, मला दिसत होतं. तो कुठे ठेवावा ते तिला कळत नव्हतं. ती उठली. आबांच्या गुडघ्याची पट्टी बदलताना लागणाऱ्या स्पिरिटच्या फडक्यांची तीन पाकिटं तिने फाडली. "धार अचूक ओळखलीत, आबा. आपल्या घरात कोणालाच नसती सुचली," ती म्हणाली, आणि श्वास रोखून ते टोक पुसायला लागली. हलक्या हाताने, एकाच दिशेने. पहिला फडका गुलाबी झाला. दुसरा कमी. तिसरा कोरा. टोक वाळू दिलं आणि तार बसवली.

पाहा मित्रांनो, समुद्राने जी वाट अडवली नाही ती चिमूटभर कुंकवाने अडवली होती, आणि तेही प्रेमाने लावलेल्या. पांढऱ्या पेटीवरचा लाल दिवा विझला. थोड्या वेळाने माझा दिवा हिरवा झाला.

हेमेंद्रचा चेहरा माझ्यातून आला. त्याच्या मागे खिडकीत ढगाळ आकाश होतं. शरयूने लॅपटॉप खाली चटईवर ठेवला आणि ती मागे सरली. सिमी दाराआडून म्हणाली, "हल."

हेमेंद्रने मान हलवली.

"अजून."

त्याने दोन्ही हात हलवले, कान धरले, जीभ काढली.

"थांबू नको हं."

"नाही थांबत, बाई."

ती एकेक पाऊल पुढे आली. पडद्यावर बोट ठेवून पाहिलं. बराच वेळ तिने त्याला हलवत ठेवलं, त्याला दम लागेपर्यंत. आबांनी उपरण्याने डोळे पुसले आणि म्हणाले, "फौजेत पण इतकी कवायत नसते रे."

मग सिमीने आपली भातुकली आणली, चटईवर मांडली, आणि पडद्याकडे पाठ करून खेळायला बसली.

"सिमी, बाबाकडे बघ ना," शरयू म्हणाली.

"नको, बोलवू नको तिला," हेमेंद्र हळूच म्हणाला. "बसू दे तशीच."

जो घरातच असतो त्याच्याकडे मूल पाठ करून खेळतं. दूरच्या पाहुण्याकडे ते टक लावून बघतं. शरयूला ते कळलं. ती भिंतीला टेकून बसली, आणि हेमेंद्र बोटीसाठी सामान भरायची वेळ होईपर्यंत ती छोटीशी पाठ बघत राहिला. मी त्या सगळ्या वेळात एकदाही अडखळलो नाही.

आता मी थकत चाललो आहे. कधीतरी पांढरी पेटीच सगळं सांभाळेल. तुम्ही आमची पूजा केलीत तर आम्हाला आवडेलच. गंध कपाळाला लावा, काचेच्या टोकाला नको. ते टोक सोडवलंत तर त्यावर छोटी टोपी घाला. तार दुमडू नका, तिच्यावर कपडे वाळत घालू नका, आणि येता-जाता आमच्या दिव्याकडे एक नजर टाका. त्या केसाएवढ्या काचेतून कोणाचा तरी बाबा घरी येत असतो.