समाप्तची पाटी

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर ताई उभी राहीना. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, जखम उत्तम भरली आहे, पण आता चालल्या नाहीत तर गुडघा आखडेल, मग जन्माची खुर्ची. ताईचं उत्तर एकच, दुखतं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या मुलीलाही तिने गोड बोलून वाटेला लावलं.

शेवटी मी भाच्याला म्हटलं, तुझ्या आईचा तो पिक्चर शोध.

तो पिक्चर म्हणजे आमच्या घरातलं दैवतच. पाय मोडलेली मुलगी धावायला लागते आणि शर्यत जिंकते, एवढीच गोष्ट. बाबा थिएटरात ऑपरेटर होते. मशीनच्या तापलेल्या खोलीत, भिंतीतल्या चौकोनाला डोळे लावून आम्ही दोघी तो बघायचो, उतरेपर्यंत रोज. त्याच सुमारास कठड्यावरून पडून ताईचा घोटा मोडला होता आणि पळणं विसरा, असं सांगण्यात आलं होतं. पिक्चर उतरला आणि ताई मैदानावर जायला लागली. आधी लंगडत, मग दात-ओठ खात. पुढे शाळांच्या शर्यतीत ती पहिली आली, तेव्हा बाबा भेटेल त्याला सांगत सुटले, पिक्चरमधल्या पोरीसारखी जिंकली, अगदी तश्शी.

भाच्याने पिक्चर मिळवून टीव्हीवर लावला. आता कशाला जुनी मढी उकरताय, म्हणून ताई कुरकुरली आणि थोड्याच वेळात नटांच्या आधी संवाद म्हणायला लागली. शर्यत आली तसे तिने खुर्चीचे हात घट्ट धरले. मुलीने फीत तोडली. मी टाळी वाजवली.

"आता समाप्तची पाटी," ताई म्हणाली.

पाटी आली नाही. कोटातला एक पंच आला. वळणावर मुलीचा पाय शेजारच्या पट्ट्यात पडला होता म्हणे. पहिला नंबर रद्द. मुलीने गळ्यातलं पदक काढून टेबलावर ठेवलं आणि रिकाम्या मैदानातून ती लंगडत निघून गेली. मग पाटी आली. छापील, तिरक्या अक्षरांची.

आम्हाला ठाऊक असलेली पाटी काचेवर रंगवून पडद्यावर पाडलेली होती, बाबांच्या हातची. जुन्या रिळांची टोकं झिजून तुटायची, त्यांवरची पाटीही जायची, म्हणून त्यांनी ती करून ठेवली होती. म्हणजे शेवटचं रीळ प्रत्येक खेळाला डब्यातच राहत होतं, आणि भरलेलं थिएटर हसत घरी जात होतं.

"आजोबांनी अख्ख्या गावाला गंडवलं की," भाचा म्हणाला.

ताई माझ्याकडे वळली. "ठमे, तुला माहीत होतं?"

"आईशपथ नाही गं."

ती काळ्या पडद्याकडे बघत राहिली. करायला गेले काय आणि झालं काय! आता ही खुर्ची सोडत नाही, अशी माझी खात्री झाली.

"म्हणजे ती हरली होती," ताई सावकाश म्हणाली. "मग मी कुणाचं बघून जिंकले?"

तिने वॉकर पुढे ओढला. भाचा धावला, त्याला तिने नजरेनेच थांबवलं आणि उठली. गुडघा वाजला, डोळ्यांतून पाणी आलं, पण ती टीव्हीपर्यंत गेली. तोंडाने बाबांना नाही नाही ते बोलत होती, एका पावलाला एक शब्द. भिंतीशी पोचून वळली आणि परत निघाली, पुढचे शब्द याहून वाईट होते.

मी तोंडावर हात ठेवून बघत राहिले. बाबांना असलं काही बोललेलं आमच्या घरात मी जन्मात ऐकलं नव्हतं.