खोड्यांसकट

कंपनी गिऱ्हाइकांना अख्खे सर्व्हर भाड्याने द्यायची. ते सांभाळणारा प्रोग्रॅम तपासायचा तर खऱ्या सर्व्हरवरच, खालच्या खोलीत. त्या खोलीची राखण ताईकडे. धाकट्या बहिणीला तिनेच शिकवलं, तिनेच इथे चिकटवलं. धाकटी आता वरच्या मजल्यावर प्रोग्रॅम लिहायची.

साहेबांनी धाकटीला फर्मावलं, "एका मोठ्या कॉम्प्युटरच्या पोटात खोटे सर्व्हर उभे कर. प्रोग्रॅमला पत्ता लागता कामा नये. जमलं तर खालची खोली बंद आणि तू टीमची प्रमुख. ताईला इतक्यात बोलू नकोस."

खोली बंद म्हणजे ताई घरी, हे कळायला ज्योतिषी नको होता. पण ही बया मूग गिळून बसली.

खोटे सर्व्हर उभे राहिले, त्यांना पॉवरचं खोटं बटणही झालं. पण कसले गुणी! दाबलं की चालू, दाबलं की बंद. खरे कुठे असे वागतात? वर पास झालेला प्रोग्रॅम खाली जाऊन आपटायचा. साहेब म्हणाले, "खऱ्यांच्या खोड्या यांच्यात घाल."

खोड्या ठाऊक एकट्या ताईला. धाकटी दोन कप चहा घेऊन खाली गेली.

"कोपऱ्यातला ना, महालबाड," ताई खुलून सांगू लागली. "बंद झालो म्हणतो आणि आतून चालूच असतो. शेजारचा उठतो वेळेवर, पण त्याचं नेटवर्क मागाहून जागं होतं. आणि हा, वीज गेली की आपली डिस्क कुठली तेच विसरतो." हातचं काही राखलं नाही तिने. मग म्हणाली, "पण तुला गं कशाला हे?"

"सहज," धाकटी म्हणाली. केसाने गळा कापणं म्हणतात ते हेच.

सगळ्या खोड्या खोट्यांच्या अंगी आल्या. वर पास झालेलं खालीही पास होऊ लागलं, आणि थोड्याच दिवसांत खोली बंद करायचा हुकूम निघाला. ताई एकेक सर्व्हर स्वतःच्या हाताने बंद करत होती, तेव्हा धाकटी दारात येऊन उभी राहिली.

"ताई, माझा नाइलाज होता गं. आधी सांगितलं असतं तर तू..."

"तर मी काय? खोड्या सांगितल्या नसत्या?" ताईने केबलचं भेंडोळं खाली ठेवलं. "अगं, तुझं भलं होतंय म्हटल्यावर आणखी चार आठवून सांगितल्या असत्या. कधी नाही म्हटलंय तुला?"

ताईने दिवे घालवले, कुलूप लावलं आणि किल्ली धाकटीपुढे धरली.

"घ्या मॅडम," ती म्हणाली. "साहेबांना द्या."