पारसच्या खोलीतला बल्ब

तात्यासोंनी स्टुलावर चढून छताच्या दिव्यावरचा काचेचा गोळा उतरवला आणि खाली बायकोकडं, अंजनाकडं दिला.

"जपून धर. सगळा घोटाळा ह्या गोळ्याचाच हाय. एलईडीला वारा लागतो. असा कोंडून ठेवला की आतलं सर्किट शिजतंय."

अंजनानं एका हातात गोळा घेतला. दुसऱ्या हातानं स्टूल घट्ट धरलेलंच होतं.

तीन वर्षांनी ही खोली उघडली होती. पारस गेला, सुतक फिटलं आणि त्याच दिवशी तात्यासोंनी खोलीला कुलूप घालून किल्ली करगोट्याला बांधली. ती आजतागायत तिथंच होती. आता तेजस्वी नावाची एक शिक्षिका पाच वाजता खोली बघायला येणार होती, म्हणून ही झाडलोट. अंजनाला भाडेकरू ठेवायचा नव्हता. पण तात्यासोंनी ठरवलं म्हणजे ठरलं, तिला विचारतो कोण!

तात्यासो तीस वर्षं शिरोलीच्या एका कारखान्यात वायरमन होते. नवा बल्ब लावला की त्याच्या मानेवर मार्करनं तारीख टाकायची, होल्डर सैल ठेवायचा नाही, खोलीतून बाहेर पडताना बटण बंद झालंच पाहिजे, असा त्यांचा खाक्या. स्वयंपाकघरातला बल्ब नऊ वर्षं चालला, हे ते लग्नात भेटलेल्या पावण्यालासुद्धा ऐकवत.

आणि असल्याच फालतू गोष्टीवरून त्यांनी पोरगा घालवला. पारसला बल्ब चालू ठेवून झोप लागली होती. सकाळी तात्यासो कडाडले, "रातभर बल्ब जाळायला ही काय धरमशाळा हाय व्हय रं? तोंड बघायचं न्हाय मला तुझं." पारस चहासुद्धा न घेता गाडीवर बसला आणि हायवेला ट्रकखाली गेला.

मघाशी बटण दाबलं तरी बल्ब लागला नव्हता. बंद खोलीत, वापरात नसलेला बल्ब मरतो कसा, हेच तात्यासोंना कळेना. त्यांनी तो दाबून फिरवला, काढला आणि खिडकीच्या उजेडात धरला. मान भाजून तपकिरी पडली होती. रात्रीच्या रात्री जळल्याशिवाय मान अशी होत नाही. मग त्यांनी तारीख वाचली.

९-१-२५.

याच वर्षीची. आणि अक्षर त्यांचंच होतं. नऊच्या शेपटाला वळण द्यायची खोड कारखान्यापासूनची.

अंजनानं त्यांना आधार देऊन खाली उतरवलं, तसे ते पारसच्या खुर्चीत बसले. समोर खाटेवर बोटभर धूळ साचली होती. खुर्चीवर मात्र कणभर नव्हती.

"अंजना, किल्ली तू काढलीस?"

"कवा काढू? आंघोळीलाबी सोडत न्हाईसा ती."

"मग हे काय हाय?"

अंजनानं गोळा खाटेवर ठेवला. पदरानं हात पुसले, पुसलेले परत पुसले.

"रोज रातीला उठतासा. कुलूप काढतासा, आत येऊन बसतासा. हाक मारली तर वळूनबी बघत न्हाईसा. सकाळी तुमाला कायबी ठावं नसतंय. हा चौथा बल्ब. परवा गेला. काल अंधारातच बसलासा."

"आणि तू मला सांगितलं न्हाईस?"

"सांगून काय करू? हितं यायचं बंद केलं असतंसा." तिनं खाली बघितलं. "म्हणून म्हणत हुते, भाडेकरू नको. परक्या बाईच्या दारात जाऊन हुबं ऱ्हायला असतासा."

"मी करतो काय हितं?"

"बोलतासा."

"कुणासंगं?"

"वाईच बोलतासा, मग थांबतासा. समोरचा सांगत असल्यावर ऐकावं, तसं. मग परत बोलतासा. एकदा हसलासा. तीन वर्सांत तुमचं हसू तेवढंच ऐकलं."

विचारू नये असं तात्यासोंना वाटत होतं, आणि विचारल्याशिवाय राहवतही नव्हतं.

"मला माफ केलं का गं त्यानं?"

"मला काय म्हाईत!" अंजनाचा आवाज एकदम चढला आणि तिथंच फुटला. "मला तुमचं तेवढं ऐकू येतंय. त्याचं न्हाय. रोज दाराला कान लावून बसते, आई हाय मी त्याची. एक शबुद न्हाय माझ्या कानावर."

बाहेर बेल वाजली. दोघंही हलली नाहीत. दुसऱ्यांदा वाजली तसे तात्यासो उठले, बाहेर गेले आणि दार अर्धंच उघडलं.

"माफ करा बाई, हेलपाटा झाला तुमाला. खोली मोकळी न्हाय. माणूस ऱ्हातंय."

परत येताना त्यांनी बाहेरच्या सोप्यातली एक खुर्ची उचलून आणली आणि पारसच्या खुर्चीला लागून ठेवली.

"आज तूबी बस माझ्यासंगं," ते म्हणाले. "मी वळून न्हाय बघितलं, तरी बस."

अंजनानं डोळे पुसले. मग तिनं आपली खुर्ची थोडी बाजूला सरकवली, दोन्हींच्या मधून एका माणसाला जाता येईल एवढी.