हौदामागची खोली

शिशाची गोळी. बोराच्या बीएवढी, पांढऱ्या झग्याच्या खालच्या दुमडीत शिवलेली. चाचपायला जावं तर कापडाआड निसटते, पुन्हा सापडते... म्हणजे इथेही आईच्या चर्चसारखंच करतात तर, तिला वाटलं, आणि उगाचच बरं वाटलं. झगा पाण्यात फुगून वर येऊ नये, बाप्तिस्मा घेणारीचे गुडघे उघडे पडू नयेत, म्हणून हे वजन. स्त्री-अभ्यासाच्या एम.ए.साठी तिने देह, लज्जा, सत्ता यांच्यावर डोळे फुटेस्तोवर वाचलं होतं; या गोळीबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढलं नव्हतं.

सेमिनरीच्या चॅपलमधला बाप्तिस्म्याचा हौद आज कोरडा होता. पाळक होणारी मुलं इथे माणसाला पाण्यात बुडवून वर काढायचा सराव करायची. स्त्री-अभ्यासवाल्यांना त्याची गरज नसे, कारण त्यांना कोण पाळक करणार होतं? पण शिकवणाऱ्या बाई स्वतः पाळक होत्या, त्यांच्या मंडळीतली, म्हणजे त्यांच्या चर्चची सभासद, एक मुलगी हटून बसली होती की मला बाप्तिस्मा बाईनेच द्यायचा, आणि बाईंचा खांदा नेमका आत्ताच निखळला होता.

"रविवारी तू देशील? मंडळीची हरकत नाही," बाई म्हणाल्या. "संध्याकाळपर्यंत सांग. पण आधी एकदा करून बघ."

झगा घालून मैत्रीण हौदात उभी राहिली. तिला सगळे ताडमाड म्हणत. "आपटू नकोस हं मला, डोकं एकच आहे!"

बाप्तिस्मा देणारी म्हणून ती स्वतः पुढे झाली, आणि... खाली वाकली. झग्याचा घोळ गोळा करून ताडमाडच्या पोटऱ्यांभोवती घट्ट धरून बसली. क्षणभर कुणालाच काही कळेना.

"अगं, पाय कसले धरतेस? जा, माफ केलं!"

बाई हसल्या नाहीत. "तुझी जागा इथे आहे. खांद्यापाशी."

लहानपणी, त्यांच्या चर्चमध्ये, खांद्यापाशी पाळक असायचे. पायांपाशी आई – हौदामागच्या त्या चिंचोळ्या खोलीत, पायरीवर गुडघे टेकून, तोंडात टाचण्या धरून, झग्याचा घोळ आवरत. मावशी टॉवेल शेगडीवर गरम करायची, काकू चहा ओतता ओतता चर्चमध्ये कधीच सांगता आले नसते असे विनोद सांगायची, आणि ही पोर मधे लुडबुडत असायची. तिथून दिसायचं काहीच नाही. पाळकांचा आवाज, मग पाण्याचा धप्प आवाज, मग दार उघडून थरथरणारी एखादी मुलगी सरळ आईच्या मिठीत... तिथे कुणी उपदेश करायचं नाही. नुसतं पुसायचं. तिच्या स्वतःच्या बाप्तिस्म्यातला पाळकांचा चेहरा तिला आठवतही नव्हता. आईने कान लाल होईपर्यंत चोळले होते, ते आठवत होतं. त्या ओलसर खोलीची तिला फार आठवण आली. आई तिचीच वाट पाहत होती – तुझं शिक्षण आटपलं की खोली तू सांभाळ, माझे गुडघे आता कुरकुरतात.

दुसऱ्यांदा तिने हात पाठीवर ठेवला. ताडमाडने भार टाकला. बाप्तिस्म्याचे शब्द आले ते भलत्याच मोठ्या आवाजात; चॅपलभर घुमले, आणि कुणीच हसलं नाही.

उन्हं कलताना तिने आईला फोन लावला. सगळं एका दमात सांगून टाकलं.

"म्हणजे पाण्यात तू?"

"हो."

आई चिडली असती तर सोपं होतं. भांडायला तयार मुद्दे होते, संदर्भांसकट.

"मग ती बाहेर आली, की तिला पुसणार कोण?"

"असेल गं कुणीतरी."

कुणीतरी! आपल्या तोंडून हे निघालं तरी कसं? त्या खोलीत कधी कुणीतरी नव्हतं, आई होती. पाण्यात उभं राहणं तिला हवं होतं, अगदी जीव टाकून हवं होतं, हे आता लपवण्यात अर्थ नव्हता... आणि त्या मुलीसाठी मागचं दार उघडेल तेव्हा आत आई नसेल, हे तिला सोसणार नव्हतं.

"पाणी कोमट करतात का गं तिथे?" आईने विचारलं.

हे बाईंना विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. बाईंना हो म्हणायचं हे सकाळपासून जवळजवळ ठरलं होतं; पण ते उत्तर आता तिच्या एकटीचं उरलं नव्हतं, त्यात आईही आली होती.