डावीकडे झुकलेलं गवत

"हा ससा मालकांचा नाही. माझा आहे," कासिल्दा म्हणाली.

टेबलावर हाताने रंगवलेल्या अकरा थाळ्या मांडल्या होत्या. प्रत्येकीवर हिरव्या गवतात एक ससा. माद्रिदहून आलेले जाणकार, सेन्योर लेआंद्रो, सकाळपासून भिंग लावून त्या पारखत होते. शेजारी मालकांची मुलगी ओब्दुलिया बसली होती. थाळ्या संग्रहालयात जायच्या होत्या आणि खाली चिठ्ठीवर तिच्या दिवंगत वडिलांचं, डॉन फेर्मीनचं, नाव लागायचं होतं. त्यांच्या थाळ्यांच्या कारखान्यात चव्वेचाळीस वर्षं कुंचला चालवलेली कासिल्दा तेवढी हयात होती, म्हणून तिला साक्षीला बोलावलं होतं. चिठ्ठीवर आपलंही नाव येईल, अशी वेडी आशा धरून ती ठेवणीतला काळा झगा घालून आली होती.

"मावशी, चित्र पपांचंच ना? तुम्ही बायका नुसता रंग भरायचात," ओब्दुलिया गोड आवाजात म्हणाली.

"तुझे पपा सकाळी यायचे, थाळीच्या बुडाला आपलं नाव टाकायचे नि चौकात पत्ते कुटायला जायचे. जेवायला बोलवायला तूच जायचीस की गं."

लेआंद्रो समजूतदारपणे हसले. "आजी, आठवण फसवते, हात फसवत नाही. हे गवत बघा. प्रत्येक पातं डावीकडे झुकलंय. उजव्या हाताने असं पडत नाही. रंगवणारा डावखुरा होता, आणि अकराही थाळ्यांवर हात एकच आहे. फार मोठा हात."

कासिल्दाला भरून आलं. तिचा तो डावा हात शाळेत नन बाकाला बांधून ठेवायच्या. कारखान्यात कुणाला कोपर लागू नये म्हणून तिला रांगेत शेवटी बसवायचे. भट्टीत जाण्याआधी थाळीवरचा कच्चा लेप पिठासारखा असतो, नुसत्या स्पर्शाने पुसला जातो, म्हणून ती करंगळी उचलून रंगवायची. उभ्या आयुष्यात तो हात आज पहिल्यांदा कुणीतरी ओळखला होता.

लेआंद्रो ओब्दुलियाकडे वळले. "तुमचे वडील डावखुरे होते?"

ओब्दुलियाने कासिल्दाकडे पाहिलं, मग थाळ्यांकडे. डॉन फेर्मीन पाव कापायचे, पत्ते पिसायचे, वेळप्रसंगी कामगारांच्या कानाखाली वाजवायचे, ते सगळं उजव्या हाताने.

"हो," ती म्हणाली. "लहानपणापासून."

कासिल्दापुढे कागद आला. या थाळ्या डॉन फेर्मीन यांना रंगवताना मी डोळ्यांनी पाहिलं आहे, असं त्यावर लिहिलं होतं. तिने पेन डाव्या हातात घेतलं, करंगळी उचलली आणि सहीच्या जागी एका दमात गवताची तीन पाती काढली. तिन्ही डावीकडे झुकली.

लेआंद्रोंनी भिंग कागदावर धरलं, मग थाळीवर, मग पुन्हा कागदावर. त्यांचा चेहरा उतरला. ते काहीतरी बोलणार, असं वाटलं.

"पपांनीच शिकवलं हो तिला," ओब्दुलिया घाईने म्हणाली.

"तरीच." लेआंद्रोंनी सुटकेचा श्वास टाकला. "नक्कल मात्र हुबेहूब हं, आजी." त्यांनी दुसरा कागद पुढे सरकवला. "इथे आता फक्त सही."

कासिल्दाने पेनाला टोपण लावलं आणि ती उठली.

"राहू द्या, सहीवाचून काही अडत नाही," मागून ओब्दुलिया म्हणत होती.

रस्त्यावर ऊन रणरणत होतं. कासिल्दा नदीच्या पुलापर्यंत चालत गेली, तरी तिच्या डाव्या हाताची करंगळी तशीच उचललेली होती.