मंगळवारची एकच प्रवासी

तीन छोटे विमानतळ, त्यांची तीन विमानं, आणि तिन्ही अर्धी रिकामी. म्हणून वरून हुकूम आला, एकच विमान तिन्हीकडून फिरवा, खर्च वाचवा. वेळापत्रक बसवायचं काम धाकटीच्या टेबलावर आलं. मधल्या विमानतळाचे व्यवस्थापक तिचे सख्खे दादा, हे कचेरीत सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे ती पेन्सिलीची रेघसुद्धा जपून मारायची.

अट साधी होती. दहा आठवडे पाहायचं. ज्या वारी मधल्या ठिकाणी चढणारं कुणी नसेल, त्या वारी विमान तिथे न उतरता पुढे जाईल. आणि आठवड्यातून तीन दिवस तरी विमान तिथे उतरलं नाही, तर तो विमानतळ शेजारच्याच्या ताब्यात. दादांची खुर्चीही तिकडेच.

सोमवार, शुक्रवार भरून जात. मंगळवारी मात्र प्रवासी एकच. दोन नाहीत, शून्यही नाही. धाकटीच्या मनात पाल चुकचुकली. दहाव्या मंगळवारी ती स्वतःच शेवटच्या विमानतळावर, आपल्या कचेरीखालच्या आगमनाच्या दाराशी जाऊन उभी राहिली.

शिडीवरून वहिनी उतरल्या. चेहरा पांढराफटक, हात कठड्याला चिकटलेला. झोपाळ्यावर बसल्या तरी ज्यांना गरगरायचं, त्या वहिनी!

"वहिनी, तुम्ही?"

"वन्सं, आधी पाणी द्या, मग काय ओरडायचं ते ओरडा." दोन घोट पिऊन त्यांनी श्वास घेतला. "हे म्हणाले, एक माणूस चढलं की विमान उतरतं. म्हटलं, मी काय माणसांत नाही?"

"आणि इथे येऊन करता काय?"

"त्या बाकावर बसते. परतीचं विमान येईपर्यंत ह्यांचा मफलर विणते. तुमच्याकडे वर आले असते हो, पण तुमचीच पंचाईत व्हायची."

धाकटीने तिथूनच फोन लावला.

"दादा, हे काय चाललंय?"

"तिकीट काढून बसतो तो प्रवासी. तुझाच नियम. बायको चालणार नाही, असं कुठे लिहिलंयस?"

"दादा, त्यांना वाटभर उलट्या होतात."



"मला तर म्हणाली, खिडकीतून फार छान दिसतं," दादा म्हणाले. मग हळूच, "लिही बाई तुला लिहायचंय ते."

अहवालात तिने लिहिलं : मंगळवार, दहा आठवडे, एकच प्रवासी, व्यवस्थापकांच्या पत्नी. खाली सही केली. पण त्या दिवशी डबा तसाच परत गेला.

वरच्यांनी ती प्रवासी धरली नाही; आता मंगळवारी विमान दादांच्या गावावरून सरळ निघून जातं. दादा रोज सकाळच्या बसने शेजारच्या विमानतळावर जातात, गळ्यात तो मफलर. वीतभर आखूडच राहिला आहे. वहिनी म्हणतात, घरात विणायला मेली सवड कुठे मिळते?