राजपुत्राच्या साखरपुड्याची माळ

मित्रांनो, थांबा, आधी जरा टेकू द्या मला. मी पताकांची एक जुनी माळ आहे. सत्तावन्न वर्षं दोन खिडक्यांच्या मध्ये लोंबकळून, पावसात भिजून, वाऱ्याशी झोंबून माझे खांदे गेलेत. दोरीला कुठले खांदे, असं कोणी म्हणालं तर त्यानं एकदा स्वतःला टांगून बघावं. पण सांगायचंय खूप, आणि एका दमात सांगते, कारण मध्ये थांबले तर मला झोप लागेल.

तर राणीच्या राज्याभिषेकाचं वर्ष होतं. आमचं गाव लँकशायरातलं, सुती गिरण्यांचं, बारा महिने तेरा काळ ओलं. गिरणीत शेजारच्या दोन मागांवर एनिड आणि नेली काम करायच्या, दोघी विशीतल्या. मागांच्या खडखडाटात शेजारच्याचं ओरडणंही ऐकू यायचं नाही, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या आणि समोरचीला सगळं कळायचं. कोणाचं कोणाशी जमलं, कोणाचं फाटलं, सगळं. या दोघी राहायच्याही समोरासमोर, आमची गल्ली अशी अरुंद की घरी आल्यावर वरच्या खिडक्यांमधून परत तशाच बोलायच्या, ओठांनी. गल्लीतल्या बाकीच्यांना एक अक्षर कळायचं नाही.

राज्याभिषेकासाठी गल्ली सजवायची ठरली आणि दोघींनी मला शिवलं. माझा लाल रंग एनिडच्या मावशीच्या परकराचा, निळा गिरणीच्या जुन्या डगल्यांचा, आणि पांढरा नेलीच्या आईच्या उशीच्या अभ्र्यांचा. तिला न विचारता घेतलेले, ते नंतर कळलं आणि नेलीला दोन फटकेही मिळाले. अर्धी मी एनिडनं शिवली, अर्धी नेलीनं. एनिडचा टाका मोहरीएवढा. नेलीचा असा लांब, की त्यातून मांजर जाईल. मधोमध गाठ मारून दोघींनी मला जोडलं. एक टोक एनिडच्या खिडकीला, दुसरं नेलीच्या. काय दिसत होते मी त्या दिवशी. खाली टेबलं मांडलेली, अंड्याची सँडविचं, जेली, पावसानं जेलीचं सरबत झालेलं, आणि पोरं माझ्याकडे बोट दाखवत होती. तेवढं एकदाच मला कोणी मान वर करून बघितलं. पुढं सवय झाली लोकांना.

एनिडचा राजघराण्यावर जीव होता, म्हणजे खरोखरचा, जसा आपला मामेभावंडांवर असतो तसा. एकदा राणी आमच्या गावात आली होती. एनिड तीन तास भुरभुर पावसात उभी राहिली, आणि राणीनं हातमोजा घातलेला हात हलवून थेट तिच्याकडे पाहिलं, असं ती आयुष्यभर सांगत आली.

"तुझ्याकडे नाही पाहिलं," वॉल्टर म्हणायचा. "तुझ्यामागं गिरणीचं घड्याळ होतं. बाई कंटाळली होती, किती वाजले ते बघत होती."

हा वॉल्टर ग्रिमशॉ म्हणजे नेलीचा नवरा. गिरणीच्या भट्टीवर काम करायचा, कामगार संघटनेचा पक्का माणूस. राजाराणी म्हटलं की त्याच्या कपाळाला आठी. "त्यांना टोप्या पुष्कळ आणि कामं थोडी," असं त्याचं म्हणणं. तरी माळ बांधायची म्हटली की खिडकी उघडून द्यायचा, कारण नेलीपुढं त्याचं काही चालायचं नाही.

आता मुद्द्याचं. राजघराण्यात लग्न असलं की सगळा देश माळा टांगतो, त्यात नवल नाही. पण एनिड आणि नेली साखरपुड्यालाही मला टांगायच्या. एकच दिवस, दोघींच्या खिडक्यांमध्ये, आणि त्या दिवशी संध्याकाळी एकेक ग्लास शेरी. गल्लीत दुसरं कोणी असं करत नव्हतं. नेलीनं एकदा विचारलंही, लग्नाला टांगतोच की, मग साखरपुड्याला कशाला.

एनिड म्हणाली, "साखरपुड्यापर्यंत काही बिघडलेलं नसतं गं."

एनिडचं स्वतःचं एकाशी जमलं होतं. तो कॅनडाला गेला आणि तिकडचाच झाला. त्यावर ती कधी बोलली नाही. मीही नाही बोलत. पण तिचं म्हणणं काही खोटं नव्हतं बरं का. मी ज्यांच्या ज्यांच्या लग्नाला वारा खात लटकले, त्यातली किती टिकली ते मला विचारू नका. आपण दोन दिवस ताठ राहून हवेत फडफडायचं आणि पुढं पेपरात वाचायचं की त्यांनी घरं वेगळी केली. थकायला होतं हो.

मग नेली गेली. माझं तिच्याकडचं टोक वॉल्टरकडे आलं. पाच वर्षं काही प्रसंगच आला नाही, मी बिस्किटांच्या डब्यात पडून होते आणि खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं.

पण एका नोव्हेंबरात एनिडच्या पेपरात छापून आलं, की राजपुत्राचं जमलंय, आज दुपारपर्यंत जाहीर होणार. झालं. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, पण पोरीसारखी जिना चढली, डबा उघडला, खिडकी उघडली. आता नेली असती तर ओठ हलवून काम झालं असतं. वॉल्टरला ती भाषा कुठली यायला. त्यामुळे एनिडला ओरडावं लागलं.

"वॉल्टर, ए वॉल्टर. साखरपुडा आहे. टोक धर."

सगळ्या गल्लीनं ऐकलं.

वॉल्टर कुरकुरत आला, टोक धरलं, बांधलं. "कोणाचा ते जाहीर तरी होऊ दे."

"आज होतंय. पेपरात आहे."

"पेपरात मासळी बांधतात."

दुपार झाली, संध्याकाळ झाली, काही जाहीर झालं नाही. दुसऱ्या दिवशी नाही. तिसऱ्या दिवशी राजवाड्यातून कोणीतरी सांगितलं की असं काही नाही, पेपरवाल्यांनी आपल्या मनानं लिहिलं. पण एनिड हट्टाला पेटली, माळ उतरवेना. उतरवली तर चुकलं हे कबूल केल्यासारखं. चार दिवस मी पावसात. पाणी पिऊन पिऊन मी अशी जड झाले की मधली गाठ करकरायला लागली.

चौथ्या दिवशी सकाळी टपालवाला खाली थांबला, वर बघितलं, मग या खिडकीकडे, मग त्या खिडकीकडे. "राजपुत्राचं तर नाही म्हणतात," तो म्हणाला. "मग हा साखरपुडा तुमचा आणि ग्रिमशॉसाहेबांचा का, एनिडबाई? अभिनंदन हं."

त्याचं काय, तो गंमत करून पुढं गेला. पण टपालवाला म्हणजे पन्नास दारं. दुपारी बेकरीत एनिडला दोन बायकांनी विचारलं, झगा कुठल्या रंगाचा घेतेयस. आणि संध्याकाळी वॉल्टर कामगार क्लबात गेला तर तिथं त्याच्या नेहमीच्या टेबलावर पुठ्ठा ठेवलेला, त्यावर मोठ्या अक्षरांत 'नवरदेवासाठी राखीव'. सगळे हसले. वॉल्टर बिअरला हात न लावता घरी आला, वर गेला, खिडकी उघडली आणि माझं टोक सोडायला लागला.

एनिडनं बघितलं. तिनं आपल्या बाजूनं मला घट्ट धरलं. "काय करतोयस?"

"उतरवतोय."

"माझी आहे ती."

"अर्धी नेलीची आहे. सोड."

"तू सोड."

"नेलीला जाऊन पाच वर्षं झाली," वॉल्टर म्हणाला. "तुझ्या त्या राजवाड्यापायी लोक मला पुन्हा बोहल्यावर चढवतायत. तिच्याच माळेखाली. लाज नाही वाटत?"

एनिड रागानं पांढरीफटक पडली. ती म्हणाली, "नेलीनं तुझ्यात काय पाहिलं, ते मला कधीच कळलं नाही."

दोघांनी एकदम ओढलं आणि मी मधोमध फाटले. गाठीपाशीच. नेलीची बाजू खाली रस्त्यावरच्या चिखलात पडली, ती वॉल्टरनं खाली जाऊन उचलली. एनिडनं आपली बाजू आत ओढली, तशीच ओली घडी घातली आणि डब्यात कोंबली. खिडक्या बंद झाल्या.

तेव्हापासून मित्रांनो, मी दोन घरांत राहिले. त्यामुळे दोन्हीकडचं मला ऐकू यायचं, आणि दोन्हीकडे ऐकण्यासारखं काही नव्हतं. समोरासमोरची दोन म्हातारी माणसं. एनिडनं पेपर बंद केला, टीव्हीवर बातम्या लागल्या की ती कळ फिरवायची. डब्यात माझ्या अंगावर काळे ठिपके आले, बुरशीचे. वॉल्टरकडे मी खुर्चीच्या पाठीवर चिखलासकट वाळले. तो मला टाकूनही देईना आणि धुवेनाही. जेवताना माझ्याकडे पाठ करून बसायचा. दोघांना दुसरं बोलायला होतं कोण? कोणी नाही. पण दार कोणी वाजवेना. मला वाटायचं, आपण चिंध्या होणार आता, आणि वाईट वाटायची ताकदही नव्हती उरली.

दोन आठवड्यांनी, मंगळवारी, अकराचा सुमार, वॉल्टर अंडं तळत होता आणि रेडिओ चालू होता. रेडिओवर सांगितलं की राजपुत्राचं ठरलं. या वेळी खरं. राजवाड्यातूनच.

वॉल्टरनं गॅस बंद केला. खिडकीतून समोर बघितलं. एनिडकडे काही हालचाल नाही. तिला कळलेलंच नव्हतं. कळणार कसं, तिनं सगळं बंद करून ठेवलेलं. तो थोडा वेळ उभा राहिला, अंडं गार झालं. आयुष्यभर ज्या माणसानं राजघराण्याच्या बातमीला रेडिओ बंद केला, त्याच्याकडे ती बातमी होती, आणि जिला ती हवी होती तिच्याशी तो बोलत नव्हता.

मग त्यानं माझ्याकडे बघितलं. रिकाम्या हातानं जायचं नाही असं त्यानं ठरवलं असावं. मोठं पातेलं काढलं, पाणी ठेवलं, धुण्याचा सोडा टाकला, आणि मला त्यात घातलं. उकळवलं हो मला. पळीनं ढवळलं. माणूस भट्टीवर काम केलेला, त्याला उकळण्याशिवाय दुसरं धुणं माहीत नव्हतं.

एक वाजता त्यानं एनिडचं दार वाजवलं. हातात पातेलं, पातेल्यात मी.

एनिडनं दार वीतभर उघडलं. "काय आहे?"

"जमलं."

"काय जमलं?"

"तुझ्या त्या पोराचं. रेडिओवर सांगितलं."

"पुरे झाली चेष्टा, वॉल्टर." ती दार लावायला लागली.

"चेष्टेसाठी मी दोन तास गॅस जाळीन होय?" त्यानं पातेलं फटीत पुढं केलं. "टीव्ही लाव. नाहीतर नको लावूस. सांगायला आलो होतो, सांगितलं."

तिनं टीव्ही लावला. उभ्याउभ्याच बघत राहिली. मुलगी दिसली, तिची अंगठी दिसली, आणि एनिड खुर्चीत बसली. वॉल्टर दारातच. बराच वेळ झाला तेव्हा तिचं लक्ष पातेल्याकडे गेलं.

"हे काय केलंस?"

"धुतलं."

"उकळत्या पाण्यात?"

"आई आमचे कपडे असेच धुवायची."

"तुझ्या आईनं लाल परकर आणि पांढरे अभ्रे एका पातेल्यात नव्हते घातले." तिनं मला वर उचललं. नेलीची सगळी बाजू गुलाबी झाली होती, आणि जिथं निळं होतं तिथं कुठंतरी जांभळट, मार लागल्यासारखं.

वॉल्टरनं खाली बघितलं. "नेलीनं मारलं असतं मला."

"नेली हसून हसून पडली असती." एनिडनं मला पातेल्यावर पिळलं. मग म्हणाली, "त्या दिवशी मी जे बोलले ना, वॉल्टर..."

"बरोबरच होतं. मलाही नाही कळलं कधी, तिनं काय पाहिलं ते." तो म्हणाला. "विचारायला हवं होतं. राहून गेलं."

एनिडनं दुसरी खुर्ची पुढं सरकवली आणि किटली ठेवली.

तिनं डब्यातून आपली बाजू काढली, ठिपक्यांवर ब्रश फिरवला, निघाले तेवढे निघाले. सुईत दोरा ओवायला दोघांनी मिळून पंधरा मिनिटं घेतली, त्याचे डोळे अधू आणि तिचे हात थरथरणारे. गाठ नाही मारली या वेळी, तिनं शिवलं, मोहरीएवढ्या टाक्यांनी. शिवता शिवता ती बोलत होती. मुलगी कुठली, शिकली कुठं, दोघं भेटले कसे, हे सगळं टीव्हीवर आत्ताच सांगितलेलं तिनं त्याला पुन्हा सांगितलं. तो मान हलवत होता.

"एक विचारू?" तो म्हणाला. "हा थोरला की धाकटा?"

एनिडनं सुई थांबवली. "तू अर्धा तास मान कशाला हलवत होतास मग?"

"तू बोलत होतीस म्हणून."

बाहेर पावसानं चांगलाच जोर धरला होता. वॉल्टर उठला, कोट घातला. "चल, मी वर जातो, तू तुझं टोक धर. उजेड आहे तोवर बांधून घेऊ."

एनिडनं खिडकीबाहेर बघितलं, मग मांडीवर माझ्याकडे. हात फिरवला माझ्यावरून. म्हणाली, "नको. पाऊस आहे. म्हातारी झाली ती."

मित्रांनो, सत्तावन्न वर्षांत हे पहिल्यांदा कोणी म्हणालं.

त्यांनी मला आतच बांधलं, स्वयंपाकघरात, कपाटाच्या खुंटीपासून दाराच्या चौकटीपर्यंत, हीटरच्या वर. मी मावले नाही, म्हणून दुहेरी करून बांधलं, माझी गुलाबी बाजू एनिडच्या बाजूला टेकली. गल्लीतल्या कोणाला दिसलं नाही. कोणाला दाखवायचंच नव्हतं. शेरीचे दोन ग्लास भरले, एनिड राजपुत्रासाठी प्यायली आणि वॉल्टर म्हणाला की तो त्याच्यासाठी पीत नाहीये, नुसता पीत आहे. अंग हळूहळू वाळत होतं. ऊब काय असते ते मला माहीतच नव्हतं.

तर सांगायचं एवढंच. तुमच्याकडेही माझ्यासारखं काहीतरी असेल, सणासमारंभाला काढायचं आणि मग कोंबून ठेवायचं. त्याला ओलं ठेवू नका. रागात असाल तर दोन मिनिटं थांबा, पण वाळवून घडी घाला. आणि पाऊस असेल तर आत घ्या, बाहेर मिरवलं नाही म्हणून आनंद कमी होत नाही. बाकी पुढं लग्न आहे म्हणतात, एप्रिलात. तेव्हा परत खिडकीत जावं लागेल मला, दिवसभर, वाऱ्यात. जाईन. पण एप्रिलला अजून वेळ आहे, हीटर चालू आहे, आणि खाली ती दोघं अंगठीतला खडा केवढा होता त्यावर भांडतायत.